ऑफिस डिजिटल, पण वीज कोळशाची : छोट्या मार्केटिंग व्यवसायाने कार्बनचा हिशेब असा मांडावा

नाशिक : द्राक्षांची रोपवाटिका असो, येवल्याची पैठणी असो, कृषी पर्यटन केंद्र असो की तालुक्याच्या गावातला क्लास, जाहिरात आता मोबाइलवरच होते. ती करून देणारी चार-पाच पोरांची छोटी ऑफिसेही गावोगावी दिसू लागली आहेत. या धंद्याला ना चिमणी, ना धूर. त्यामुळे आपल्याकडून प्रदूषण होतच नाही, असा अनेकांचा समज असतो.

पण एसी, कॉम्प्युटर आणि राउटर चालतात ते विजेवर, आणि राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशापासूनच तयार होते. नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, तेही कोळशावरचेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी हिशेब घरच्या घरी मांडता येतो.

पाच जणांच्या ऑफिसचा हिशेब

उदाहरणादाखल पाच जणांचे एक ऑफिस धरू. रोज आठ तास काम, महिन्याला २५ दिवस.

- एक एसी, तासाला सरासरी एक युनिट : महिन्याला २०० युनिट, म्हणजे १४० किलो.
- पाच डेस्कटॉप, प्रत्येकी १२० वॅट : १२० युनिट, म्हणजे ८४ किलो.
- एक जण रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर दुचाकीने येतो, अॅव्हरेज ५० : ३५ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ८० किलो.

म्हणजे या तीन गोष्टींचेच महिन्याला ३०० किलो होतात. त्यात एकट्या दुचाकीस्वाराचा वाटा पाच डेस्कटॉपएवढा आहे. ‘ई-मेल डिलीट करा, पृथ्वी वाचवा’ असे मेसेज फिरत असतात, पण छोट्या ऑफिसची खरी बचत एसी, मशिन आणि पेट्रोल या तिघांतच आहे.

सुरुवात कुठून?

पहिला नंबर एसीचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक डिग्रीने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २० ऐवजी २४ वर ठेवला तर वरच्या उदाहरणात महिन्याला चाळीसेक युनिट वाचतात. सोबत पंखा लावला की उकडतही नाही. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटमध्ये भागवतो. आणि नाशिकच्या थंडीत एसी लागतोच कशाला?

दुसरा नंबर येण्या-जाण्याचा. कंटेंट लिहिणे, डिझाइन, रिपोर्ट ही कामे घरूनही होतात. लांबून येणाऱ्याला आठवड्यातल्या सहापैकी दोन दिवस घरून काम दिले तर त्याचे एक तृतीयांश पेट्रोल वाचते. महिन्याला ते साधारण बारा लिटर होते. पगार न वाढवता त्याच्या खिशात हजाराच्या वर रुपये राहतात. गावात लाइट किंवा नेट टिकत नसेल, तर निदान एकाच रस्त्याने येणाऱ्या दोघांनी एका गाडीवर यावे.

चालू मशिन भंगारात काढू नका

डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरीच कमी वीज खातो, हे खरे. ४० वॅटचा लॅपटॉप घेतला तर एका मशिनमागे महिन्याला १६ युनिट, म्हणजे सुमारे ११ किलो वाचतात. पण नवा लॅपटॉप कारखान्यात तयार होतानाच बराच कार्बन बाहेर पडलेला असतो. तो २०० किलो धरला तरी भरून निघायला दीड वर्ष लागते. म्हणून जुने मशिन बिघडेल तेव्हाच बदलावे. संथ झाले असेल तर आधी एसएसडी आणि रॅम टाकून पाहावे.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून अनेकांनी चांगली मशिन बाजूला काढली. त्यांवर लिनक्स टाकून साधी कामे चालवता येतात. अगदीच निकामी झालेले मशिन मात्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्यावे.

फाइल हलकी, जाहिरात नेमकी

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरनी वापरली. एका ऑफिसचा त्यातला वाटा नगण्य आहे. तरी पाच एमबीचा फोटो दोनशे केबीवर आणावा. कारण वेगळे आहे : वाडी-वस्तीवर रेंज कमी असते, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. मोबाइलवर पाहायच्या व्हिडिओला फोर-केची गरज नाही. दिंडोरीतल्या रोपवाटिकेची जाहिरात नागपूरला दाखवण्यातही अर्थ नाही.

अनेक जण डिजिटलसोबत फ्लेक्सचीही कामे घेतात. सिंहस्थामुळे ती वाढतील. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे विसरू नये. कापडी बॅनर पुन्हा वापरता येईल असा, म्हणजे तारीख न टाकता करावा.

सोलर परवडेल का?

एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चारेक युनिट देते. म्हणजे तीन किलोवॅटमध्ये वरच्या ऑफिसची जवळपास सगळी गरज भागते. पावसाळ्यात उत्पादन घटते, पण नेट मीटरिंगमुळे सुट्टीच्या दिवशी तयार झालेली वीजही हिशेबात धरली जाते. पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजारांपर्यंतचे अनुदान मात्र घरगुती ग्राहकांसाठीच आहे. व्यापारी जोडणीला ते मिळत नाही. तिचा वीजदर घरगुतीपेक्षा जास्त असल्याने गुंतवणूक तरीही वसूल होऊ शकते. भाड्याच्या गाळ्यात आधी मालकाशी बोलावे लागेल.

आधी खर्च न लागणारे उपाय करावेत, वापर खाली आणावा आणि मगच सोलरचा आकार ठरवावा. नाहीतर जास्तीच्या पॅनेलवर पैसे अडकतात. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांची वीजबिले काढावीत आणि पेट्रोलचा खर्च वहीत लिहायला घ्यावा. शेअर बाजारातल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाने पर्यावरणाचा अहवाल द्यावाच लागतो. उद्या अशा कंपनीचे काम मिळाले आणि तिने आकडा विचारला, तर ही वही उपयोगी पडेल.