कान फुटला म्हणजे बरा झाला असे नव्हे



कुपोषण, सर्पदंश, सिकलसेल ही नावे आपल्या त्रैमासिकात अनेकदा येतात. या वेळी मी अशा दुखण्याविषयी लिहीत आहे, ज्याने सहसा कोणी दगावत नाही आणि म्हणूनच ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते दुखणे म्हणजे कान वाहणे.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी अशा कुठल्याही वस्तीत जा. उशीवर पिवळा डाग, कानाच्या पाळीखाली वाळलेला पू आणि त्याभोवती घोंघावणारी माशी, असे एखादे तरी मूल दिसतेच. आईला विचारले तर उत्तर ठरलेले असते, “ताई, कान फुटला. आता दुखत नाही, बरा आहे.” त्या आईचे चुकते कुठे, हे समजण्यासाठी आधी कान कसा असतो ते पाहू.

कानाचे तीन भाग

आपल्याला दिसतो तो बाहेरचा कान आणि त्याची नळी. नळीच्या टोकाशी पातळ, ताणलेला पडदा असतो. पडद्यामागची लहानशी पोकळी म्हणजे मधला कान. तिच्यात तीन बारीक हाडे एकमेकांना जोडलेली असतात. पडदा थरथरला की ती हलतात आणि आवाज आतल्या कानाकडे पोचवतात. तिथून पुढे नस तो मेंदूकडे नेते.

मधल्या कानातून एक अरुंद नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. कानात हवा खेळती राहावी यासाठी ती असते. मोठ्यांमध्ये ही नळी उतरती असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की नाका-घशातले जंतू मुलाच्या कानात सहज शिरतात. मुलांचेच कान जास्त का फुटतात, याचे हे मुख्य कारण आहे.

दुखणे थांबते तेव्हा काय झालेले असते?

सर्दीनंतर ती नळी सुजून बंद होते. मधल्या कानात पाणी साठते आणि जंतूंमुळे त्याचा पू होतो. पोकळी लहान असल्याने दाब वाढतो आणि कान ठणकू लागतो. मूल रात्रभर रडते, ताप येतो, तान्हे बाळ कान ओढते आणि दूध पीत नाही. शेवटी दाब सहन न होऊन पडद्याला भोक पडते. पू बाहेर येतो, दाब कमी होतो आणि वेदना थांबते. मूल शांत झोपते.

आईला वाटते, बरे झाले. खरे तर पडदा फाटला आहे. वेळेवर औषध मिळाले आणि कान कोरडा राहिला, तर हे भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. पण कान ओलाच राहिला, मूल ओढ्यात डुंबत राहिले, सर्दी पुन्हा पुन्हा झाली, तर भोक तसेच राहते. मग बाहेरचे जंतूही त्या वाटेने आत जातात. दोन आठवड्यांहून जास्त काळ वाहणारा कान हा जुनाट आजार समजावा. तो वर्षानुवर्षे वाहू शकतो आणि दुखत नसल्यामुळे दवाखान्यात कोणी नेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगात असे वाहते कान असलेल्या लोकांची संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटींच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला होता. त्यांतील सुमारे ६० टक्के लोकांना कमी ऐकू येत होते. हा आजार प्रामुख्याने गरिबांचा आहे. दाटीची झोपडी, चुलीचा धूर, अपुरे अन्न आणि दूरचा दवाखाना या गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे तो मुक्काम करतो.

ऐकणे गेले की काय काय जाते

फाटका पडदा नीट थरथरत नाही. आतली हाडेही हळूहळू झिजू शकतात. मूल पूर्ण बहिरे होत नाही, पण हळू बोललेले, मागून बोललेले, गोंगाटात बोललेले त्याला कळत नाही. आमच्या मुलांची घरची बोली वेगळी असते आणि शाळेत मराठी पहिल्यांदाच नीट कानावर पडते. नवी भाषा शिकायची ती कानानेच. मग अर्धेच ऐकू येणारे मूल शब्द अर्धेच शिकते. गुरुजी हाक मारतात, ते वळून पाहत नाही. त्याला ‘मठ्ठ’ किंवा ‘हट्टी’ म्हटले जाते. कानाला वास येतो म्हणून शेजारी कोणी बसत नाही, आणि ते मागच्या बाकावर जाते, म्हणजे आवाजापासून आणखी दूर. अशी मुले चौथी-पाचवीत शाळा सोडून गुरे राखायला किंवा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातात. शाळेच्या नोंदीत कारण ‘गैरहजर’ असे लिहिले जाते. कानाचा उल्लेख कुठेच नसतो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने ज्याला बरे केले, तो मनुष्य बहिरा होता आणि त्याला नीट बोलताही येत नव्हते. कान उघडले तेव्हा त्याची जीभही मोकळी झाली. ऐकणे आणि बोलणे एकाच दोरीने बांधलेले असते, हे वसतिगृहातल्या मुलांमध्ये काम करताना मला रोज दिसते.

प्रत्येक वाहता कान सारखा नसतो

पावसाळ्यात बाहेरच्या नळीत बुरशी होते. तेव्हा खाज फार असते आणि पांढरा किंवा काळसर भुगा दिसतो. नळीत फोड झाला तर पाळी ओढली किंवा कानाच्या पुढचा उंचवटा दाबला की कळ येते. लहान मुले कानात चिंचोका, मणी, हरभरा घालतात. असे कडधान्य काढण्यासाठी पाणी घालू नये, ते फुगून अडकते. कानात मळ असणे हा मात्र आजार नव्हे. तो कानाचे रक्षण करतो आणि बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो.

मधल्या कानाच्या जुनाट आजाराचेही दोन प्रकार आहेत. एकात सर्दी झाली की पातळ, चिकट स्राव भरपूर येतो. दुसऱ्यात स्राव थोडाच असतो, पण त्याला घाण वास येतो, कधी त्यात रक्तही दिसते. हा दुसरा प्रकार धोक्याचा. त्यात पडद्याच्या कातडीचा थर आत वाढत जाऊन हाड पोखरतो आणि जंतू मेंदूपर्यंतही पोचू शकतात. म्हणून ‘थोडेच तर येते’ असे म्हणून समाधान मानू नये.

उपचार: आधी कान कोरडा, मग औषध

पुवाने भरलेल्या कानात औषध घातले तर ते आत पोचतच नाही. म्हणून पहिले काम वातीने कान कोरडा करणे. हे कोणत्याही आईला जमते.

१. हात साबणाने धुवावेत. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेल्या मऊ सुती कापडाची टोकदार वात वळावी. काडीला कापूस गुंडाळू नये.

२. वात हलक्या हाताने कानात ठेवावी, ओली झाली की काढावी आणि नवी घालावी. वात कोरडी निघेपर्यंत हे करावे. वात कानात राहू देऊ नये.

३. असे दिवसातून किमान तीन वेळा करावे.

४. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते यानंतर घालावेत. बाटली तळहातात धरून कोमट करावी, मुलाला कुशीवर निजवावे, थेंब घालून कानापुढचा उंचवटा काही वेळा दाबावा आणि चार-पाच मिनिटे तसेच पडून राहू द्यावे.

जुनाट कानाला हे साधारण दोन आठवडे करावे लागते. नव्याने फुटलेल्या किंवा ठणकणाऱ्या कानाला डॉक्टर पोटातून औषध देतात. ताप उतरला तरी ते सांगितलेले सगळे दिवस द्यावे. दुकानातून स्वतः थेंब आणू नयेत. पडद्याला भोक असताना काही थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात आणि उरलेले ऐकणेही जाते.

लसूण घालून कडवलेले तेल, पाल्याचा रस, अंगावरचे दूध यांपैकी काहीही वाहत्या कानात घालू नये. काडी, आकडा, किल्ली आत फिरवू नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि कान कोरडा होईपर्यंत पोहणे बंद.

लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे, जर

कानामागे दुखरी सूज आली असेल, तोंड एका बाजूला वाकडे झाले असेल, चक्कर किंवा सतत उलटी होत असेल, तापात मान ताठली असेल, डोके असह्य दुखत असेल किंवा मूल सुस्त झाले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

कान कोरडा झाला पण भोक भरले नाही, तर शस्त्रक्रियेने नवा पडदा बसवता येतो. त्यासाठी बहुधा कानाजवळच्याच स्नायूवरचे पातळ आवरण वापरतात. हाड पोखरणाऱ्या प्रकारात मात्र शस्त्रक्रिया टाळता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासते. कानाचे दुखणे त्यांच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी मूल हजर राहील एवढे पाहिले तरी पुढची वाट मोकळी होते.

कान फुटूच नये म्हणून

बाळाला आईचे दूध पाजावे आणि पाजताना डोके थोडे वर असावे. चुलीचा आणि बिडीचा धूर बाळापासून दूर ठेवावा. सर्दीत नाक एकेक पाकळी मोकळी करून हळू शिंकरायला शिकवावे. लसी चुकवू नयेत: गोवराने कानाला बाधा होते, आणि न्यूमोकोकस हा कान पिकवणारा एक मुख्य जंतू आहे. त्याची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात दिली जाते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात देतात.

आपला वाटा

आपल्यापैकी अनेकजण विचारतात, पैशांखेरीज काय पाठवावे? जुनी सुती धोतरे आणि लुगडी स्वच्छ धुऊन पाठवा. वसतिगृहातल्या मोठ्या मुली त्यांच्या वाती वळतात आणि धाकट्यांचे कान पुसायलाही शिकल्या आहेत. आपल्या मंडळीत कान-नाक-घसा तज्ज्ञ असतील, तर त्यांनी पावसाळ्यानंतर एक दिवस पाड्यावर द्यावा. शस्त्रक्रिया ठरलेल्या मुलाबरोबर त्याच्या आईचा प्रवास, जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा भार एखाद्या कुटुंबाने उचलला, तर ती आई तारीख चुकवणार नाही. बहुतेक शस्त्रक्रिया राहतात त्या याच खर्चापायी.

आणि प्रार्थना करताना मागच्या बाकावर बसलेल्या मुलांची आठवण ठेवा. शिक्षक असाल, तर येत्या सोमवारी आपल्या वर्गातल्या अशा एखाद्या मुलाला पुढे बसवा, मागून हळू आवाजात त्याचे नाव घ्या आणि ते वळते का पाहा. वळले नाही, तर त्याच्या आईला भेटा.