डब्यातला खुराक

खुराक हा शब्द बडोदेकरांना नवा नाही. प्रो. माणिकरावांच्या श्री जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा आपल्याच शहरातली आणि दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोशही इथूनच निघाला. तालमीत जाणाऱ्या मुलाचे दूध, भिजवलेले बदाम, हरभरे, खारीक यांचा हिशेब तेव्हा घरातल्या बायकांकडे असे. आज नातू जिमला जातो आणि त्याचा खुराक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यातून येतो. डब्यावर सगळा मजकूर इंग्रजीत. आईला वाटते हे स्टेरॉइड आहे, मुलगा म्हणतो हे नुसते दूध आहे. डब्यात नेमके काय आहे, यावर कोण बरोबर ते ठरते. म्हणून ही माहिती आम्ही सभासदांच्या घरांसाठी देत आहोत.

सर्वांत जास्त खपते ती व्हे प्रोटीन पावडर. श्रीखंडासाठी दही टांगले की फडक्यातून जे पिवळसर पाणी गळते, तेच व्हे. परदेशात चीज करताना असे पाणी प्रचंड प्रमाणात उरते. ते गाळून, त्यातली साखर व चरबी कमी करून आणि वाळवून ही पावडर होते. घरच्या वाटीभर पाण्यात प्रोटीन जेमतेम ग्रॅमभर असते, तर पावडरच्या एका मापात साधारण 24 ग्रॅम. म्हणजे चांगली व्हे पावडर हे औषध नव्हे, दुधातला एक भाग आहे. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाला बेताच्या प्रमाणात तिने अपाय होतो असे आढळलेले नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूही नये.

प्रश्न आहे तो गरजेचा. आयसीएमआरच्या हिशेबाने प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरते. 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्याला स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे 112 ग्रॅम. आता आपले शाकाहारी ताट मोजू. अर्धा लिटर दूध 16, दोन वेळची घट्ट डाळ 14, सहा पोळ्या 18, वाटीभर दही 5, मूठभर शेंगदाणे 7. बेरीज 60. सकाळी तासभर हलका व्यायाम करून ऑफिसला जाणाऱ्याचे यात भागते, त्याने डब्यावर पैसे घालवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. जोरात मेहनत करणाऱ्याला अजून 50 ग्रॅम लागतील. 100 ग्रॅम पनीर 18, दोन अंडी 12, 30 ग्रॅम सोया वडी 15. एवढ्याने जवळपास जमते. ज्याला अंडी चालत नाहीत आणि पनीरचा कंटाळा येतो, त्याने एखादे माप पावडर घेतली तर त्यात पाप नाही. आयसीएमआरच्या 2024 च्या आहारमार्गदर्शिकेने स्नायूंसाठी अशा पावडरी टाळाव्यात असे सांगितले आहे, हेही घरात माहीत असावे. तो सल्ला साऱ्या जनतेसाठी आहे, पण त्यामागची काळजी रास्त आहे.

कारण खरी अडचण भेसळीची. केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशात मिळणाऱ्या 36 लोकप्रिय पावडरी तपासल्या गेल्या व 2024 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 25 मध्ये प्रोटीनबद्दलची माहिती लेबलाशी जुळली नाही. ही चलाखी सोपी आहे. नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्यावरून आकडा काढतात. ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. म्हणून घटकांच्या यादीत ती दिसली तर डबा परत ठेवावा. एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक पाहावा आणि तो त्यांच्या फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर तपासावा. डबा परदेशी असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता हवा. ट्रेनरने बिलाशिवाय दिलेला किंवा सुटा भरलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

क्रिएटिनबद्दल घराघरांत उगाच भीती आहे. ते स्टेरॉइड नाही. ते मांस-माशांत असते आणि आपले शरीरही बनवते. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असल्याने त्यांना फरक अधिक जाणवतो. रोज 3 ते 5 ग्रॅम पुरतात.

व्यायामाआधी घ्यायच्या रंगीत पावडरींत मुख्यतः कॅफीन असते, एका मापात दोन-तीन कप कॉफीइतके. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. संध्याकाळी घेणाऱ्याची झोप जाते, आणि स्नायू भरून यायला झोपही लागते.

इंजेक्शनांची गोष्ट मात्र वेगळी. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर डॉक्टरांनी द्यायचे औषध. जोम यावा म्हणून ते जिममध्ये चोरून टोचले जाते. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि सवयही लागते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम स्टेरॉइड घेतले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, अंडकोष लहान होतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी सुरू होते आणि सुनेच्या चाचण्या आधी होतात. मुलगा जिममध्ये काय घेत होता हे कोणी विचारत नाही. तीन महिन्यांत दहा किलो स्नायू, पाठीवर अचानक उठलेल्या पुळ्या, चिडकेपणा, छातीत गाठ असे दिसले तर रागावण्याआधी डॉक्टर गाठावा. औषधे थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण महिने लागतात, आणि थांबवणेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

रक्ततपासणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. क्रिएटिन घेणाऱ्याच्या अहवालात क्रिएटिनिन थोडे जास्त येऊ शकते, कारण क्रिएटिनचेच क्रिएटिनिन होते. लॅबच्या आकड्यापुढे लाल खूण दिसली की घरात मूत्रपिंड गेले म्हणून रडारड सुरू होते. रक्त देण्यापूर्वी आपण काय काय घेतो ते मुलाने डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. शंका राहिली तर ते सिस्टॅटिन-सी ही चाचणी करून घेतात, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.