बोरचं पाणी साबन खाते

मेकॅनिकने वॉशिंग मशीनमधून हीटरची कांडी ओढून काढली, तेव्हा ती धातूची आहे हेच ओळखू येईना. तिच्यावर अंड्याच्या कवचासारखा राखाडी-पांढरा थर चढला होता. नखाने टोकरला तर पापुद्रे निघाले. माझ्या मामेबहिणीने स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणून त्या पापुद्र्यांवर पिळली आणि ते फसफसू लागले. घर यवतमाळातलं, आर्णी रोडकडचं. घरात पाणी बोरचं. मामी दारातूनच म्हणाली, "बोरचं पाणी साबन खाते, हे त मी पयल्यापासून सांगून राह्यली."

मामीचं म्हणणं शब्दशः खरं आहे. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात, त्याला आपल्याकडे जड पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसला आहे. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं त्याच्या भेगांतून झिरपतं आणि खडकातले हे क्षार सोबत घेतं. वणी-झरीकडे तर जमिनीखाली चुनखडकच आहे, म्हणूनच मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आला. हे पाणी तापलं की त्यातला विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट हीटरला चिकटून बसतो. साबणाचंही तसंच. फेस व्हायच्या आधी कॅल्शियम साबणाला धरतो आणि त्याचा चिकट साका तयार होतो. पांढरे कपडे करडे पडतात, टॉवेल खरखरीत होतो, तो याच साक्यामुळे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावं. तुमच्या बोरचा आकडा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून कळेल. पण घरच्या घरीही अंदाज येतो. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोरचं पाणी भरा, दुसरीत जुलैमध्ये मोकळ्या आभाळाखाली पातेलं ठेवून धरलेलं पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाकून हलवा. पावसाच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस येईल. बोरच्या बाटलीत नुसता गढूळ साका दिसला, तर कोणतं यंत्र घ्यावं याचं निम्मं उत्तर तुम्हाला दुकानात जाण्याआधीच मिळालं. कोणतंही यंत्र घेतलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी ते रिकामं ठेवून, गरम पाण्यात लिंबूसत टाकून चालवावं लागेल. पाणी फारच जड असेल, तर नळावर क्षार अडवणारं उपकरण बसवण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरा.

दुसरा प्रश्न पाणी किती आणि कसं येतं हा. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला, तेव्हा शहरात नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येत होतं आणि गल्लोगल्ली टँकरपुढे ड्रमांच्या रांगा लागत होत्या. तो उन्हाळा ज्याने काढला, तो यंत्र घेताना आधी लिटर विचारतो. समोरून दार असलेलं फ्रंट लोड यंत्र सात किलो कपड्यांना साधारण 50 ते 60 लिटर घेतं, वरून झाकण असलेलं ऑटोमॅटिक त्याच्या दुपटीच्या आसपास. फ्रंट लोडमध्ये कपडे पाण्यात बुडत नाहीत. ड्रम त्यांना वर नेतो आणि तिथून खाली आपटतो, घाटावर धोपटल्यासारखं. म्हणूनच त्यात कपडे कोंबायचे नसतात. पडायला जागाच नसेल तर मळ निघणार कसा? वर हाताचा पंजा आडवा शिरेल एवढी मोकळीक हवी.

पण या यंत्रांना नळाला जोर लागतो, बहुतेकांना निदान 0.3 बार, म्हणजे तीन मीटर उंचीवरच्या टाकीचा. टाकी स्लॅबवर आणि यंत्र तळमजल्यावर असेल तर अडचण येत नाही. वरच्या मजल्यावर, टाकीच्या जवळजवळ पातळीला ठेवलं तर ते पाण्याची वाट बघत अडून बसतं. सेमी-ऑटोमॅटिकला हा त्रास नाही. हौदातून बादलीने पाणी ओता, ते चालतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी धुता येतात. त्याला गरिबाचं यंत्र म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात ते अत्यंत शहाणपणाचं यंत्र आहे.

काळ्या मातीचे डाग ही आपली खास गोष्ट. या मातीचे कण दोन मायक्रॉनहून बारीक, चपटे आणि ऋण विद्युतभाराचे असतात. सुताचा धागाही पाण्यात ऋणभारितच असतो, म्हणजे दोघांनी एकमेकांना दूर ढकलायला हवं. जड पाण्यातला धनभारित कॅल्शियम मात्र मध्ये पूल होऊन मातीला धाग्याशी बांधतो. म्हणून चिखलाचा कपडा ओला असताना घासू नये. तो वाळू द्यावा, कडकडून झटकावा, मगच पाण्यात घालावा.

आणि आता फवारणीचे कपडे. 2017 च्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. फवारणीतून विषबाधा होऊन या एकाच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. चर्चा मास्कची आणि पंपाची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण फवारणीत अंगावर असलेला सदरा संध्याकाळी धुवायला कोणाच्या हाती गेला, हे फारसं कोणी विचारलं नाही. डब्यावर 'ईसी' लिहिलेली औषधं तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात. निव्वळ थंड पाण्याने ती सुतातून नीट निघत नाहीत. साबणाचा रेणू एका टोकाने तेल धरतो, दुसऱ्याने पाणी, आणि गरम पाण्यात हे काम चांगलं होतं. म्हणून हे कपडे वेगळे ठेवावेत, रबरी हातमोजे घालूनच हाताळावेत, आधी एकदा नुसत्या पाण्यातून काढावेत, मग थोडेथोडे करून भरपूर पाण्यात, गरम पाण्यात, जास्त पावडर घालून धुवावेत. नंतर यंत्र एकदा रिकामं फिरवावं. ते पाणी विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. डब्यातलं मूळ औषधच कपड्यावर सांडलं असेल, तर तो कपडा धुवायचाच नाही, टाकून द्यायचा. घरी शेती असेल तर गरम पाण्याची सोय ही चैन नव्हे.

त्या गरम पाण्याला वीज किती लागते? 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट. मे महिन्यात दुपारी स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी 40 अंशांना असेल, तर 0.35 युनिटमध्येच भागतं. पिळण्याच्या वेगाचा हिशेबही असाच सोपा. 48 सेंटिमीटरचा ड्रम मिनिटाला 800 फेऱ्यांनी फिरला तर कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या 170 पट जोर येतो, 1200 फेऱ्यांना 385 पट. यवतमाळच्या उन्हात 800 पुरे. श्रावणातल्या झडीसाठी मात्र जास्तीच्या फेऱ्यांचा उपयोग होतो.

बहिणीने जुनं यंत्र दुरुस्त करून घेतलं नाही. हीटर असलेलं फ्रंट लोड घेऊन तळमजल्यावरच्या न्हाणीत बसवलं. दारव्ह्याकडच्या शेतावरून भाऊजींचे फवारणीचे कपडे येतात, त्यांच्यासाठी परसात झाकणाची वेगळी बादली आणि लाल हातमोज्यांची जोडी ठेवली आहे. यंत्राशेजारच्या फळीवर लिंबूसताची पुडी असते. तिच्यावर मामीने पेनाने मागच्या महिन्याची तारीख घातली आहे.