पेनड्राइव्ह उपटू नका, नीट काढा!



पेनड्राइव्ह ही वस्तू आता आपल्या सर्वांच्या ओळखीची झाली आहे. आपल्या शाळेच्या कपाटात गुरुजींचा एक पेनड्राइव्ह आहे. तो हरवू नये म्हणून त्याला लाल दोरी बांधली आहे. वस्तू बोटाएवढी, पण तिच्यात शेकडो पुस्तके, गाणी आणि फोटो मावतात. ती संगणकाला लावायची कशी, हे पहिलीच्या मुलालाही येते. पण काढायची कशी, हे मोठ्या माणसांनाही नीट येत नाही. म्हणून हा लेख मी लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला विलेपार्ले येथे मामाकडे गेलो होतो. विलेपार्ले हे पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ आणि अंधेरी यांच्या मधले स्टेशन आहे. तिथे साठ्ये, डहाणूकर, मिठीबाई अशी बरीच कॉलेजे आहेत. मामाचे झेरॉक्स आणि छपाईचे लहानसे दुकान आहे. कॉलेजची मुलेमुली दिवसभर पेनड्राइव्ह घेऊन येतात. सगळ्यांना लोकल पकडायची घाई असते. छापून झालं की खस्सकन उपटतात आणि पळतात. मामा ओरडतो, “अरे, थांब! आधी इजेक्ट कर!” ते काय असते, हे मी मामाला विचारून घेतले.

प्रथम थोडी माहिती पाहू. पेनड्राइव्ह ज्या खाचेत बसतो, त्या जोडणीला यूएसबी असे म्हणतात. पूर्वी माऊसची खाच वेगळी, छपाईयंत्राची वेगळी, अशी संगणकाच्या पाठीमागे खाचांची गर्दी असे. १९९६ साली यूएसबी आली आणि सगळ्यांना एकच खाच चालू लागली. इंटेल कंपनीच्या ज्या गटाने हे काम केले त्यात अजय भट्ट हे भारतीय अभियंते प्रमुख होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. हे सयाजीराव महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे! पुढे २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला. तेव्हा त्यात फक्त ८ एमबी मजकूर मावत असे. आज ३२ जीबीचा पेनड्राइव्ह सहज मिळतो. म्हणजे त्याच्या सुमारे चार हजारपट!

यूएसबीचा मोठा गुण असा, की संगणक चालू असतानाच वस्तू लावता येते आणि काढताही येते. पण त्यामुळेच लोकांना वाटतं, की कधीही ओढली तरी चालते. तिथेच चूक होते.

आता खरी गंमत ऐका. आपण संगणकाला सांगतो, “ही फाईल पेनड्राइव्हवर उतरव.” पडद्यावरची हिरवी पट्टी भरते आणि नाहीशी होते. आपल्याला वाटतं, झालं काम. पण काही वेळा काम झालेले नसते. पेनड्राइव्हवर लिहायला वेळ लागतो आणि संगणक तर फार चपळ असतो. म्हणून तो मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मरणात ठेवतो आणि मागाहून हळूहळू पेनड्राइव्हवर लिहितो.

हे पोस्टाच्या लाल पेटीसारखे आहे. आपण पत्र पेटीत टाकले की म्हणतो, “पत्र गेलं.” पण ते गेलेलं नसतं. पोस्टमन येऊन पेटी उघडेपर्यंत ते आतच असते. त्याआधीच कोणी पेटी उचलून नेली, तर पत्र पोचेल का? मुळीच नाही. पेनड्राइव्ह घाईने उपटला तर असेच होते. पत्र पेटीतच राहते आणि संगणक बंद केला की पेटीसुद्धा रिकामी होते.

दुसरेही एक कारण आहे. पुस्तकाला जशी अनुक्रमणिका असते, तशी पेनड्राइव्हलाही असते. कोणती फाईल कुठे ठेवली, ते त्यात लिहिलेले असते. संगणक ही अनुक्रमणिका लिहीत असताना आपण ओढले, तर ती अर्धवट राहते. मग पाने शाबूत असूनही धडा सापडत नाही. एखाद्या वेळी अनुक्रमणिका इतकी बिघडते, की संगणक म्हणतो, “हा पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा.” फॉर्मॅट करणे म्हणजे पाटी पुसून नवी अनुक्रमणिका मांडणे. तेव्हा चुकूनही ‘होय’ म्हणू नये!

विंडोज या प्रणालीत यासाठी दोन सोयी असतात. पहिलीचे नाव ‘क्विक रिमूव्हल’, म्हणजे झटपट काढणे. यात संगणक तात्पुरत्या पेटीत मजकूर साठवत नाही. प्रत्येक पत्र पोस्टमनच्या हातातच देतो. त्यामुळे काम थोडे हळू होते, पण धोका कमी होतो. दुसरीचे नाव ‘बेटर परफॉर्मन्स’, म्हणजे जलद काम. यात पिशवी भरेपर्यंत पत्रे साठवायची आणि एकदम न्यायची. काम भराभर होते, पण इजेक्ट केल्याशिवाय काढायचे नाही म्हणजे नाही.

पूर्वी विंडोजमध्ये जलद कामाची सोय आपोआप लावलेली असे. २०१८ साली विंडोज १० ची १८०९ क्रमांकाची आवृत्ती निघाली. तेव्हापासून झटपट काढण्याची सोय आपोआप लावलेली असते. पण कोणी ती बदललेली असू शकते. म्हणून ती पाहायची कशी, ते सांगतो. पेनड्राइव्ह लावा. पडद्याखालच्या स्टार्टच्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबा. ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. त्यात ‘डिस्क ड्राइव्हज्’ उघडा. आपल्या पेनड्राइव्हच्या नावावर पुन्हा उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडा. मग वरच्या ओळीतले ‘पॉलिसीज’ हे पान उघडा. तिथे दोन्ही नावे दिसतील. हवी ती निवडून ‘ओके’ करा. शाळेच्या संगणकावर हे आपल्या मनाने करू नये, गुरुजी जवळ असतानाच करावे.

ही निवड ज्या त्या पेनड्राइव्हसाठी आणि त्या एका संगणकापुरतीच असते. दुसऱ्या संगणकावर ती वेगळी असेल. लिनक्स आणि मॅक या प्रणालींत तर प्रत्येक वेळी इजेक्ट करावेच लागते. पेनड्राइव्ह मोबाईलला जोडला असेल, तर मोबाईलच्या सूचनेतही इजेक्ट असे लिहिलेले दिसते. मामाच्या दुकानातल्या संगणकावर झटपट काढण्याची सोय लावलेली आहे. तरी तो म्हणतो, “सोय म्हणजे छत्री आहे रे. छत्री आहे म्हणून कोणी ओढ्यात उडी मारतं का?” कारण फाईल उतरत असताना मध्येच ओढले, तर कोणतीच सोय वाचवू शकत नाही.

आता इजेक्ट कसे करायचे ते पाहू. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, घड्याळाजवळ एक लहानशी खूण असते. ती दिसली नाही तर शेजारचा वर तोंड केलेला बाण दाबावा. त्या खुणेवर क्लिक केले की पेनड्राइव्हचे नाव येते. त्यापुढचे ‘इजेक्ट’ दाबावे. “आता काढायला हरकत नाही” अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. मगच पेनड्राइव्ह सरळ धरून काढावा. ही पाटी म्हणजे एसटीतल्या कंडक्टरची डबल बेल होय. उतरणारे उतरले, चढणारे चढले, हे पाहूनच कंडक्टर दोनदा घंटी मारतो. मुंबईच्या लोकलमध्येसुद्धा मागे बसलेला गार्ड घंटीने इशारा देतो, तेव्हा मोटरमन गाडी हलवतो.

कधी कधी संगणक काढायला नकार देतो. तो सांगतो, की ही वस्तू वापरात आहे. तेव्हा रागावू नये. कोणतीतरी फाईल किंवा खिडकी उघडी राहिलेली असते. सगळे बंद करून पुन्हा इजेक्ट करावे. तरीही ऐकले नाही, तर संगणक रीतसर बंद करावा आणि पूर्ण बंद झाल्यावर पेनड्राइव्ह काढावा. संगणक नुसता झोपवला, म्हणजे स्लीप केला, तर ते बंद करणे नव्हे.

मोठ्या बाहेरच्या हार्ड डिस्कची जास्तच काळजी घ्यावी. पेनड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो. पण पुष्कळ हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरगर फिरत असतात. एका मिनिटात ५४०० फेऱ्या! इजेक्ट केल्यावर त्या थांबेपर्यंत डिस्क हलवू नये.

एवढी काळजी कशाला, असे कोणाला वाटेल. मामाच्या दुकानात मी असताना एक बाई आल्या होत्या. त्यांच्या आईने गावी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या आणि त्यांनी त्या मोबाईलवर टिपून घेतल्या होत्या. एकूण २१ ओव्या होत्या. त्या घरच्या संगणकावर ठेवल्या होत्या. त्यांच्या मुलाने त्या पेनड्राइव्हवर हलवल्या. त्याने कॉपी न करता ‘कट’ केले. कट केले म्हणजे मूळ जागेवर काही राहत नाही. पट्टी संपताच त्याने पेनड्राइव्ह ओढला. त्या संगणकावर जलद कामाची सोय लावलेली होती. पुढे महिन्याने पेनड्राइव्ह लावला, तर संगणक म्हणाला फॉर्मॅट करा. बाईंनी केले नाही, हे फार बरे झाले.

मामाने हरवलेल्या फाईली शोधण्याचा प्रोग्राम लावला. दोन तास लागले. १८ ओव्या मिळाल्या, ३ मिळाल्या नाहीत. घरच्या संगणकावर तोपर्यंत दुसरेच काही काही भरले होते. त्यामुळे तिथेही त्या सापडल्या नाहीत. बाई म्हणाल्या, “आई आता नाही. त्या तीन मला पाठ नाहीत हो.” मामाने पैसे घेतले नाहीत. मला फार वाईट वाटलं. नवा पेनड्राइव्ह बाजारात मिळतो, पण ओवी कुठे मिळणार?

आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सोबत्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायकांकडून ऐकून कागदावर लिहून घेतल्या आणि पुष्कळ ओव्या आवाजातही टिपल्या. एका ठिकाणी लिहिलेले आणि दुसऱ्या ठिकाणी आवाजातले असले, म्हणजे एक गेले तरी दुसरे राहते. आपणही हेच शिकायला पाहिजे.

तर मित्रांनो, पुढील नियम लक्षात ठेवा :

१. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल, तर हात लावू नका. दिवा नसेल, तर पट्टी संपल्यावरही थोडे थांबा.

२. सर्व फाईली बंद करून मगच इजेक्ट करा. झटपट काढण्याची सोय असली तरी करा.

३. मोलाची फाईल कट करू नका, कॉपी करा. पेनड्राइव्हवरून ती उघडून पाहा आणि मगच मूळ फाईल पुसायची की नाही ते ठरवा.

४. संगणक फॉर्मॅट करा म्हणाला, तर ‘नाही’ म्हणा. त्यावर नवे काही भरू नका. जाणकाराला दाखवा.

५. ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत, त्यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.

आपल्या शाळेच्या पेनड्राइव्हमध्ये स्नेहसंमेलनातली नाटुकली आहे, सहलीचे फोटो आहेत. गेल्या वर्षी सातवीची मुले शाळा सोडून गेली, त्यांची निरोपाची भाषणेही आहेत. ती मुले आता तालुक्याच्या गावी शिकतात. ती भाषणे पुन्हा होणार नाहीत. घाटातल्या पाटीवर लिहिलेले असते, ‘अति घाई संकटात नेई’. ते गाडीला लागू आहे, तसेच पेनड्राइव्हलाही लागू आहे. इजेक्ट करायला दहा अंक मोजण्याइतकाही वेळ लागत नाही. तेवढा वेळ आपण सर्वांनी द्यावा, ही विनंती.

— इयत्ता ४ थी