खुडूक कोंबडी आणि पान्हावलेली गाय

खुडूक बसलेल्या कोंबडीच्या अंगाला हात लावून पाहिलाय कधी? जपून लावा, चोच मारेल. काल-परवापर्यंत उकिरडा उकरत हिंडणारी, जरा चाहूल लागली की पळणारी ही बया अचानक डालग्यात ठाण मांडते. अंडी देणं बंद. खाणंही जवळजवळ बंद. दिवसातून एखादवेळा उठायचं, चार दाणे टिपायचे, की पुन्हा जागेवर. दोन गाई आणि दहा-बारा गावरान कोंबड्या असलेल्या घरात हे काही नवीन नाही. सासूबाई सुनेला एवढंच सांगतात, "बसली गं ती, अंडी ठेव खाली."

पण तिचं पोट बघा. तिथली पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते आणि कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं तयार झालेलं असतं. का? पिसं ऊब आत कोंडून ठेवतात, आणि आता तर ती बाहेर द्यायची आहे! उघडं, ऊन पोट थेट कवचाला टेकतं. सुमारे 38 अंश, 21 दिवस.

हा सगळा बदल घडवण्यात मोठा हात असतो मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा ग्रंथीचा. तिच्यातून रक्तात एक संप्रेरक उतरतं: प्रोलॅक्टिन.

आता दहा पावलं चालून गोठ्यात या. गाय व्यायला टेकली आहे. तिच्याही मेंदूच्या तळाशी तीच ग्रंथी, आणि तिच्यातून उसळणारं तेच प्रोलॅक्टिन. इथे मात्र त्याचं काम कासेत दूध सुरू करून देण्याचं! गाय आणि कोंबडी यांचा समान पूर्वज शोधायला 30 कोटी वर्षांहून मागे जावं लागतं. इतक्या जुन्या काळापासूनचा हा रेणू थोड्याफार फरकाने दोघींकडे आहे. इतकंच काय, समुद्रातला सॅमन मासा नदीत शिरतो तेव्हा अंगातलं मीठ टिकवायलाही प्रोलॅक्टिनच मदतीला येतं. घरातलं एखादं जुनं लुगडं कुठे बाळाची झोळी होतं, कुठे गोधडी, तशातला हा प्रकार.

दूध तयार झालं म्हणजे हाती आलं असं नाही. बहुतेक दूध कासेच्या बारीक कप्प्यांत अडकलेलं असतं. म्हणून आधी वासरू सोडायचं. त्याने चार ढुशा दिल्या, आचळ ओढले, की स्पर्शाची खबर मेंदूपर्यंत जाते, तिथून ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक रक्तात सुटतं आणि मिनिटभरात कप्प्यांभोवतालचे सूक्ष्म स्नायू आवळले जातात. गाय पान्हावली! हा जोर काही मिनिटंच टिकतो. धार काढणारा माणूस तेव्हा गप्पा मारत बसत नाही तो त्यामुळे. आणि पोरांनो, गोठ्यात आरडाओरडा करू नका, असं आजी दटावते तेही खरंच. घाबरलेल्या गाईच्या अंगात ॲड्रिनॅलिन चढतं आणि पान्हा अडतो. मग गाय दूध चोरते असा आळ तिच्यावर! बऱ्याचदा बिचारी नुसती भेदरलेली असते.

ताज्या व्यायलेल्या गाईचा चीक तर औरच. वासरू जन्मतं तेव्हा आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं त्याला मिळालेलीच नसतात, कारण गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. ती सगळी चिकात येतात, आणि साधारण पहिला दिवसभरच वासराचं आतडं ती न पचवता अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं. मग ते दार बंद! आणि खरवस विरजणाशिवाय कसा थिजतो, याचा विचार केलाय? चिकात प्रथिनं भरपूर, ती उष्णतेने घट्ट होतात, आणि त्यांतली बरीचशी हीच प्रतिकारद्रव्यं असतात. म्हणून आधी वासराचं पोट, मग आपली वाटी.

पुन्हा डालग्याकडे वळू. खालची बारा अंडी एका दिवसाची नाहीत; सुनेने ती आठ-दहा दिवस ज्वारीच्या डब्यात जपली होती. तरी पिलं जवळपास एकदमच कशी बाहेर येतात? अंडं गार राहिलं की आतला जीव वाढ थांबवून वाट बघतो. ऊब मिळाली की सगळ्यांची सुरुवात एकाच वेळी. शेवटच्या दिवसांत तर पिलं कवचाच्या आतूनच चिवचिवतात आणि वरून आई बारीक आवाजात ओ देते! बाहेर येण्याआधी उरलेला बलक पिलू पोटात ओढून घेतं, त्यामुळे दोनेक दिवस दाणापाणी नसलं तरी चालतं. मागे राहिलेल्या भावंडांसाठी आईला थांबता येतं ते त्यामुळे. हॅचरीतली एक दिवसाची पिलं खोक्यातून गावोगाव पोचतात तीही याच बलकावर.

माणसाने मात्र पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांमधून खुडूक बसण्याची ही सवय पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ घालवली. बसलेली कोंबडी अंडं देत नाही ना! त्यामुळे इतरांची अंडी उबवायलाही गावरान कोंबडीच बसवतात. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली तर? त्यांना 28 दिवस लागतात, आणि ही खुशाल 28 दिवस बसते. ती दिवस मोजतच नाही. पोटाला अंडी लागताहेत तोवर प्रोलॅक्टिन चढं राहतं, आणि प्रोलॅक्टिन चढं आहे तोवर बाई उठत नाही.