झाकलेले पिस्तूल, उघडा धोका

‘कमरेला गावठी कट्टा लावून फिरणारा तरुण ताब्यात’ अशी बातमी नाशिककरांना नवी नाही. जप्त मुद्देमालाची यादीही बहुधा तीच असते: देशी बनावटीचे पिस्तूल, दोन-तीन जिवंत काडतुसे, मोबाइल आणि दुचाकी. बातमी वाचून आपण पान उलटतो. मात्र शर्टाखाली सहज दडणारे हे हत्यार माणसाच्या शरीराचे काय करते, याचा विचार क्वचितच होतो. २०२७ मध्ये सिंहस्थासाठी गोदाघाटावर आणि त्र्यंबकेश्वरी लाखोंची गर्दी होणार आहे. त्या पार्श्वभूमीवर हा विषय पोलिसांइतकाच आरोग्याचाही ठरतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत शस्त्र लपवून बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी आता परवानाही लागत नाही. भारतात शस्त्रे हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे. त्यामुळे १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम नाशिकला लागू आहेत, तसेच देशभर लागू आहेत. परवाना मात्र स्थानिक पातळीवर मिळतो. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी तो देतात.

परवाना असला तरी पिस्तूल मिरवण्याची मुभा नाही. सार्वजनिक ठिकाणी ते अंगाला बांधलेल्या म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या पक्क्या ताब्यात असले पाहिजे, असे नियम सांगतात. विशेष परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात ते नेता येत नाही. म्हणजे कुंभमेळ्यात परवानाधारकानेही शस्त्र घरीच ठेवायचे आहे. विनापरवाना शस्त्र सापडल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद होऊ शकते. प्रतिबंधित शस्त्र असेल तर ही शिक्षा सात ते चौदा वर्षे आहे.

आखूड नळीची भीती का?

बंदुकीची नळी कापून लहान करणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. गुळगुळीत नळीची बंदूक २० इंचांपेक्षा आखूड असेल, तर नियम तिला सर्वांत कडक गटात टाकतात. अमेरिकेतही १८ इंचांखालील नळीच्या अशा बंदुकीची नोंद केंद्र सरकारकडे करण्याचा कायदा १९३४ पासून आहे. दोन्हीकडे कारण एकच: लांब बंदूक दुरून दिसते, आखूड दिसत नाही. समोरच्याला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

यामागे भौतिकशास्त्रही आहे. काडतुसातली दारू जळून तयार झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळी आखूड असेल तर दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. गोळीचा वेग थोडा घटतो, पण तोंडाशी आगीचा लोळ आणि आवाज वाढतो. हात किंचित हलला तरी नेम बराच चुकतो. त्यामुळे गर्दीत गोळी भलत्यालाच लागण्याचा धोका असतो.

गावठी कट्ट्यात याहून मोठी अडचण असते. कारखान्यातल्या पिस्तुलाच्या नळीत आतून नागमोडी आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. कट्ट्याची नळी पुष्कळदा साध्या पाइपची असते. त्यातून सुटलेली गोळी वाटेत कोलांट्या खाऊ शकते. काडतूस आणि नळी यांचा मेळ बसला नाही, तर नळीच फुटते आणि चालवणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो.

शरीरात काय होते?

पिस्तुलाची गोळी साधारणपणे सेकंदाला २५० ते ४०० मीटर वेगाने जाते. बाहेरून दिसणारे छिद्र करंगळीएवढे असते; आतला मार्ग मात्र सरळ असेलच असे नाही. हाडावर आपटून गोळी वळते आणि हाडाचे तुकडे छऱ्यांसारखे पसरतात. फुप्फुस लवचिक असते, पण यकृत किंवा प्लीहा धक्क्याने फाटते. बाहेर रक्त दिसत नसले तरी पोटात आणि छातीत ते साचत राहते. म्हणूनच ‘लहानशी जखम आहे’ म्हणून थांबणे जिवावर बेतते.

आनंदाच्या भरात हवेत झाडलेली गोळीही खाली येतेच. त्वचा भेदायला सेकंदाला सुमारे ६० मीटर वेग पुरतो आणि वरून पडणाऱ्या गोळीला तो मिळू शकतो. वरातीत किंवा मिरवणुकीत असा बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय १४० डेसिबलपुढचा एकच आवाज कान कायमचा अधू करू शकतो. बहुतेक पिस्तुले ही मर्यादा ओलांडतात.

परवाना, मन आणि घर

परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. अर्जदाराचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य ठीक आहे आणि तो व्यसनाधीन नाही, असा उल्लेख त्यात असतो. हा निव्वळ कागद नव्हे. संताप किंवा नैराश्याचा झटका अनेकदा काही मिनिटांत ओसरतो. त्या मिनिटांत भरलेले शस्त्र हाताशी असेल, तर चूक सुधारण्याची संधी उरत नाही. म्हणून शस्त्र रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवावीत. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. घरातले कोणी खचलेले किंवा दारूच्या आहारी गेलेले दिसले, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. मनाचा आधार हवा असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

गोळी लागल्यास

आधी स्वतः सुरक्षित जागी जा. मग १०८ आणि ११२ या क्रमांकांवर कळवा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा. कापड भिजले तरी न काढता त्यावर दुसरे ठेवा. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी आवळून बांधा आणि वेळ लिहून ठेवा. गोळी काढण्याचा प्रयत्न करू नका. जखमीला पाणी पाजू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी ते त्रासाचे ठरते. त्याला पांघरूण घालून उबदार ठेवा.

‘पोलीस केस आहे, आधी कागद आणा’ असे कोणी सांगितल्यास एक निकाल लक्षात ठेवावा. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागदपत्रे नंतर. पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे काम आहे, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

आणि ओळखीतल्या कोणाच्या कमरेला कट्टा दिसला, तर त्याचे कौतुक करू नये की फोटोही काढू नये. ११२ वर एक फोन करावा. त्याने कदाचित दोन जीव वाचतील, त्यातला एक कट्टा बाळगणाऱ्याचाच असू शकतो.