अडीचकी

जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी यांच्या पाठोपाठ अडीचकी घोकून घेत. अमेरिकी लष्करातल्या एका ट्रकचं टोपणनावही जवळपास तेच आहे. कागदावर तो एम-३५. शिपाई मात्र त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणत. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री, तिच्यावर आणखी अर्धी. रस्ता सोडून रानात शिरल्यावरही अडीच टन ओझं वाहायचं, एवढाच त्याचा अर्थ. डांबरी रस्त्यावर तो पाच टन नेतो, पण नाव बदललं नाही. नाव तरी त्याचं स्वतःचं कुठे? ते दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी ट्रककडून वारशानं आलेलं.

एम-३५चा आराखडा १९४९च्या सुमारास रिओ कंपनीनं केला. रिओ हे रॅन्सम एली ओल्ड्स यांच्या आद्याक्षरांचं नाव, ओल्ड्समोबिलवालेही तेच. पुढे कंपन्या बदलत गेल्या, कैसर जीप आली, एएम जनरल आली, आणि ट्रक जवळजवळ तसाच बनत राहिला. दहा चाकं, तिन्ही एक्सलना ताकद, कमानपाटे, ताडपत्रीचा हौदा. लष्करानं टप्प्याटप्प्यानं हे ट्रक काढून टाकले आणि लिलावांतून ते शेतकऱ्यांच्या, लाकूडतोड्यांच्या नि हौशी लोकांच्या अंगणात येऊन उभे राहिले. दारात हत्ती झुलावा तसे. आपण ट्रकच्या मागच्या भागाला हौदा म्हणतोच.

नवा मालक पहिल्यांदा आत चढतो तेव्हा किल्ली शोधतो. या ट्रकला किल्लीच नाही! लढाईत किल्ली हरवली म्हणून गाडी अडून चालत नाही. एक खटका फिरवायचा, बटण दाबायचं, इंजिन सुरू. बंद करायला डिझेल तोडणारी एक मूठ ओढायची. म्हणून मालक मंडळी स्टिअरिंगला साखळदंड घालून कुलूप लावतात. दिव्यांचा खटकाही असाच कोड्यात टाकणारा: एक दांडी दाबून धरल्याशिवाय दुसरी हलतच नाही, कारण अंधारात चुकून मोठे दिवे लागले तर शत्रूला ठिकाण कळायचं. वीज २४ व्होल्टची, १२-१२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. एक ट्रक मेला तर दुसऱ्या ट्रकची केबल लावून उठवायला अंगावरच सॉकेट दिलेलं.

खरी करामत एम-३५ ए-२ या रूपातल्या इंजिनाची. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, आणि ताकद जेमतेम १३० अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या मोठ्या यंत्राला एवढीशी ताकद का, असं वाटेल. पण याचं मोल खाण्यापिण्यात आहे: डिझेल चालतं, रॉकेल चालतं, विमानाचं इंधन चालतं, अगदीच अडलं तर पेट्रोलही. नेहमीच्या डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा हवेत उडवतात. इथे तो पिस्टनच्या डोक्यातल्या गोल वाटीच्या भिंतीवर मारतात. इंधनाचा पातळ थर भिंतीला बसतो, हळूहळू त्याची वाफ होते आणि जळणं धसमुसळं होत नाही. ही युक्ती जर्मनीच्या 'मान' कंपनीची. आपला जबलपूरचा शक्तिमान ट्रकही याच 'मान'च्या आराखड्यावरून १९५९पासून बनू लागला, तेव्हा दोघांचं माहेर एकच म्हणायला हरकत नाही.

या खादाडपणाचा फायदा हौशी लोकांनी भरपूर उचलला. गॅरेजमधलं काळं तेल, हॉटेलांतलं तळणीचं तेल गाळून टाकीत ओततात. मग मैलभर मागे भज्यांचा वास. गाळणीत आळस केला तर मात्र पंप आणि नोझल सूड उगवतात. आणि लिटरला चार किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या गाडीला तेल फुकट मिळालं, तरी ते गोळा करण्यात रविवार जातो तो जातोच.

हा ट्रक दुरुस्त करता येतो, हेच त्याच्या दीर्घायुष्याचं कारण. कालपर्यंत ज्यानं पाना हातात धरला नाही अशा एकोणीस वर्षांच्या पोराला तो उघडता यावा, असा तो घडवलेला आहे. लष्करानं त्यासाठी जाडजूड पुस्तकं काढली, आणि पोरं ती वाचत नाहीत हे कळल्यावर १९५१पासून 'पीएस' नावाचं चित्रमय मासिक काढलं. त्याची चित्रकथा १९७१पर्यंत विल आयस्नर सांभाळत होते, 'द स्पिरिट'चे जनक. मासिकातली देखणी शिक्षिका होती कॉनी रॉड. कनेक्टिंग रॉड माहीत असलेल्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आजचे मालक ते जुने अंक नि पुस्तकं पोथीसारखी जपतात.

पण या पोथीतही एक जागा अशी आहे की तिथे श्रद्धा ठेवू नये. ब्रेक. पेडल दाबलं की तेलाचा दाब तयार होतो, हवेच्या दाबानं तो वाढतो आणि सहाही ड्रमना पोहोचतो. पण हे सगळं एकाच वाटेनं. एक जुनाट रबरी नळी फुटली की पेडल थेट फळीला टेकतं आणि रिकामा असतानाही सहा टनांच्या घरात भरणारा ट्रक तसाच पुढे जात राहतो. हँडब्रेक मधल्या शाफ्टवर बसवलेला. उभी गाडी धरून ठेवण्यासाठी, धावती थांबवण्यासाठी नव्हे. जाणते मालक म्हणूनच पहिल्यांदा नळ्या आणि सिलिंडर बदलतात, मग दुहेरी वाटेचा मास्टर सिलिंडर बसवतात. हा बदल फोटोत दिसत नाही, म्हणून पुष्कळांना सुचत नाही.

फोटोत दिसतो तो 'बॉब'. मागच्या दोन एक्सलपैकी एक काढायचा, चासी आणि हौदा कापून आखूड करायचा, दहा चाकांच्या जागी चार अजस्र टायर लावायचे. ट्रक वळायला सोपा होतो, रुबाबदारही दिसतो, यात शंका नाही. मला स्वतःला मात्र तो शेपूट तोडलेल्या घोड्यासारखा वाटतो. खड्ड्यात मागचे दोन एक्सल एकमेकांना सावरून घेत चालतात, ती चाल बॉबमध्ये उरत नाही. पॉवर स्टिअरिंग बसवणाऱ्यांना मात्र दोष देववत नाही. मूळच्या चक्राशी झटून दिवसभर गाडी हाकली तर संध्याकाळी घास तोंडाशी नेताना हात दुखतो.

फेरफारांची ही खोड हौशी मंडळींनी सुरू केलेली नाही. २ सप्टेंबर १९६७ रोजी व्हिएतनाममध्ये १९ क्रमांकाच्या महामार्गावर मालवाहू ट्रकांच्या ताफ्यावर छापा पडला. त्यानंतर वाहतूक तुकडीच्या शिपायांनी याच अडीचटनी ट्रकांच्या हौद्यात आधी वाळूच्या गोण्या नि मग पोलादी पत्रे लावून मशीनगनी चढवल्या. नियमावलीत नसलेला तो ट्रक ड्रायव्हरांनी आपल्या जिवासाठी घडवला होता.

आज यांतले कितीतरी ट्रक छोट्या गावांच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांत पाण्याची टाकी घेऊन वणवे विझवतात. मूळ रूपात, काही न जोडता, तो अडीच फूट पाण्यातून जातो, इथेही अडीचच. २०१७ साली हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं तेव्हा लोकांच्या अंगणातले जुने फौजी ट्रकही माणसं बाहेर काढायला धावले.

फौजी गाड्यांचे लिलाव आपल्याकडेही होतात, आणि हे वाचून एखाद्याचा हात बोली लावायला शिवशिवेल. त्यानं गाडीखाली आडवं होऊन आधी ब्रेकच्या नळ्या बघाव्यात, मग गाडीचे सुटे भाग कुठे मिळतात ते विचारावं. टायर नंतर.